शेवगा : बी लावावं की फांदी?

शेवगा दोन तऱ्हांनी लावता येतो. वाळलेल्या शेंगेतलं बी पेरावं, नाहीतर जून फांदी तोडून जमिनीत रोवावी. दोन्ही जगतात, दोन्हींना पाला येतो, शेंगा धरतात. त्यामुळे हाताशी जे असेल ते लावलं तरी चालतं, असा बहुतेकांचा समज असतो. पण जमिनीच्या वर सारखी दिसणारी ही दोन झाडं जमिनीखाली अगदी वेगळी असतात. बियांच्या झाडाला सरळ खोल जाणारं सोटमूळ असतं, फांदीच्या झाडाला ते कधीच येत नाही. शेंगांच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. फांदीच्या झाडाला शेंग येते ती आईझाडाचीच, तीच लांबी, तोच गर, तीच चव. बियांच्या झाडाला शेंग कशी येईल, हे ती लागेपर्यंत सांगता येत नाही. म्हणून घराशी शेवगा लावताना पहिला प्रश्न हा, की आपल्या जागेला मुळाची गरज जास्त आहे की ओळखीच्या शेंगेची.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन उत्तरं जुन्या काळापासून दिली गेली आहेत. कोकणात शेवगा म्हणजे फांदी. शेजारच्या परड्यातल्या चांगल्या झाडाची फांदी मागून आणायची आणि मृगाच्या तोंडावर गडग्याच्या कडेला रोवून टाकायची. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात नव्या रोपाला पाण्याची चिंता नसते, आणि शेंग कशी निघेल हे आधीच माहीत असतं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात मात्र पाण्याचा भरवसा नाही, आणि तिथे शेताच्या बांधावर टिकतो तो बियांचा शेवगा. गेल्या काही दशकांत जो शेवगा शेतात पीक म्हणून घेतला जाऊ लागला, तोही मुख्यतः बियांचाच. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम इथल्या केंद्रानं निवडलेला ‘पीकेएम-१’ हा वाण त्याला कारण झाला. देशी शेवगा बियांपासून लावला तर शेंग दिसायला दोन वर्षंही लागतात. पीकेएम-१ सहाएक महिन्यांतच शेंगेवर येतो. त्याच्या शेंगा दोन-सव्वादोन फूट लांब भरतात. पुढे आलेल्या ‘पीकेएम-२’च्या शेंगा तर चार फुटांपर्यंत जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं आपल्या हवामानासाठी ‘कोकण रुचिरा’ दिला, त्याची शेंग गडद हिरवी, दीड-दोन फुटांची. घरी एकदोनच झाडं लावणाऱ्यानं वाणाच्या नावापेक्षा आधी ओळखीतल्या झाडाची शेंग खाऊन पाहावी, असं माझं मत आहे. काही शेवगे कडवट असतात, काहींच्या शेंगेत गर कमी आणि सालच जास्त असते, आणि ही गोष्ट कुठल्याही पाकिटावर छापलेली नसते.

बियांचं झाड आईसारखं का निघत नाही, याचं उत्तर फुलात आहे. शेवग्याचं फूल मलईसारख्या पांढऱ्या रंगाचं, पाच पाकळ्यांचं, मंद गोड वासाचं असतं. त्यावर मधमाश्या येतात आणि मोठे काळे भुंगेही येतात. एका झाडाचा पराग अंगाला लावून ते दुसऱ्या झाडावर जातात. शेंग आपल्या झाडाची असली तरी तिच्यातल्या बियांचा अर्धा वारसा कुठल्यातरी दुसऱ्या झाडाकडून आलेला असू शकतो. पीकेएम-१ सारखा वाण निवड करकरून शुद्ध केलेला आहे, त्यामुळे खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेलं त्याचं बी बऱ्यापैकी एकसारखं उतरतं. पण तेच झाड अंगणात लावलं, आजूबाजूला चार देशी शेवगे असले, आणि पुढच्या वर्षी घरचंच बी पेरलं, तर निघणारी झाडं मिश्र असतील.

बी घ्यायचं ते झाडावरच वाळलेल्या शेंगेतलं. बाजारातून भाजीसाठी आणलेल्या शेंगेतलं बी कोवळं असतं, ते पेरून काही उगवत नाही. शेंग तपकिरी, कडक झाली की तिला तीन उभ्या चिरा पडतात आणि तीन फाका वेगळ्या होतात. आत पांढऱ्या मऊ गराच्या ओळीत बिया बसलेल्या दिसतात. प्रत्येक बी वाटाण्याएवढं, तपकिरी, आणि त्याला कागदासारखे पातळ तीन पंख. वाऱ्यानं दूर जावं म्हणून ते पंख असतात. ते काढले तरी चालतात, ठेवले तरी उगवणीत फरक पडत नाही. बी हातात घेऊन दाबून पाहावं. भरीव लागलं तर घ्यावं, पोकळ लागलं तर टाकावं. शेवग्याच्या बियांना सुप्तावस्था नसते, म्हणजे वाळल्यावर काही महिने विश्रांती घेऊन मग उगवायचं, असा त्यांचा स्वभाव नाही. ताजं बी ताबडतोब उगवतं आणि ठेवलं तर हळूहळू उगवणशक्ती गमावतं. म्हणून या उन्हाळ्याचं बी याच पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावं. दोन वर्षं डब्यात राहिलेल्या बियांवर विसंबू नये.

रात्रभर पाण्यात भिजवलेलं बी सकाळी लावायचं. खोली दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटाचं एक पेर बुडेल इतकीच. जमीन गरम हवी. पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात कोंब वर येतो. थंडीत पेरलेलं बी मातीत पडून राहतं आणि बऱ्याचदा कुजतं. उगवताना एक गोष्ट पाहण्यासारखी असते. घेवड्याचं बी उगवताना आपल्या दोन जाड डाळिंब्या घेऊन वर येतं. शेवग्याच्या डाळिंब्या मात्र मातीतच राहतात, आणि नाजूक तांबूस-हिरवा देठ तेवढा वर येऊन थेट पानं उघडतो. अन्नाचा साठा असा खालीच असल्यामुळे पहिल्या आठवड्यात वरचा कोंब किड्यानं खाल्ला, तरी काही वेळा खालून दुसरा फुटतो. लगेच उकरून फेकू नये.

जमिनीच्या वर हे रोप किडकिडीत दिसतं, पण खरं काम खाली चाललेलं असतं. महिन्याभराचं रोप हलक्या हातानं उपटून पाहिलं तर खाली मुळ्यासारखं पांढरं, फुगीर मूळ मिळतं. त्याचा वासही तसाच उग्र. शेवग्याच्या मुळात, पानात, बियांत गंधकयुक्त तिखट द्रव्यं असतात, मोहरीत असतात त्याच घराण्यातली. या फुगीर मुळात पाणी आणि पिष्ट साठवलेलं असतं, आणि बियांचा शेवगा दुष्काळात तग धरतो तो या साठ्यावर. वरचा भाग वाळला, जनावरांनी ओरबाडला, हिवाळ्यात करपला, तरी पाऊस पडला की तो मुळातून पुन्हा फुटतो. फांदीच्या झाडाकडे ही शिदोरी नसते.

हे मूळ लक्षात घेतलं की रोप कसं वाढवायचं हे आपोआप ठरतं. त्याला वळायला लावायचं नाही. छोट्या पिशवीत तीन-चार महिने ठेवलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी पोहोचून गुंडाळी करतं. नंतर जमिनीत लावलं तरी ती गुंडाळी सुटत नाही, आणि बियांपासून झाड वाढवण्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. शक्य असेल तर बी थेट कायमच्या जागेवर लावावं. एका आळ्यात दोन-तीन बिया टाकाव्या, वीतभर झाल्यावर सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कापून टाकावीत. उपटू नयेत, कारण शेजारच्या रोपाच्या मुळाला धक्का लागतो. कोकणात मात्र थेट पेरणीत अडचण येते. मिरगाच्या सरी सुरू झाल्या की खड्ड्यात पाणी साचतं आणि बी सडतं. तिथे मे महिन्यात पडवीत, उंच पिशवीत रोप करावं आणि महिना-सव्वा महिन्याचं झालं की पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट लावावं, त्याहून जास्त वाट पाहू नये.

फांदीची गोष्ट वेगळी. इथे सगळं यश कापण्याआधीच ठरतं. शेंगा उतरून झाल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, झाड काहीसं विसावलेलं असतं तेव्हा फांदी घ्यावी. ती किमान वर्षभराची, लाकूड झालेली, पाच ते आठ सेंटिमीटर जाडीची आणि तीन-चार फूट लांब हवी. बरेच जण हिरवी, करंगळीएवढी डहाळी कुंडीत खोचतात आणि ती सडली की शेवगा लागत नाही म्हणतात. जाड फांदी लागते याला कारण आहे. मुळं फुटेपर्यंत फांदीला बाहेरून अन्न मिळत नाही. खोडात साठवलेल्या पिष्टावरच तिला जगावं लागतं. बारीक डहाळीत तो साठा नसतो.

तोडलेली फांदी लगेच लावू नये. दोन-तीन दिवस सावलीत उभी करून ठेवावी. शेवग्याचं लाकूड मऊ, पाणीदार असतं. ताजी जखम ओल्या मातीत गेली की बुरशीला वाट मिळते, आणि खालचं टोक काळं पडून मऊ होतं. जखम वाळली की ती वाट बंद होते. या दोन-तीन दिवसांत फांदीची वरची आणि खालची बाजू ओळखता यावी म्हणून खूण करून ठेवावी. उलटी लावलेली फांदी नीट मुळं धरत नाही. वरचं टोक तिरकं कापावं म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, आणि त्या टोकावर शेण-मातीचा गोळा लिंपावा. ही जुनी पद्धत आहे आणि ती बरोबर आहे. टोक उघडं राहिलं तर त्यातून ओल उडून फांदी वरून वाळत येते.

फांदीचा एक तृतीयांश भाग जमिनीत जायला हवा. चार फुटांची फांदी असेल तर सव्वा फुटाच्या आसपास. फांदी कुदळीनं ठोकून घुसवू नये, साल सोलवटते. खड्डा घ्यावा, तळाशी थोडी वाळू किंवा बारीक मुरूम टाकावा, फांदी उभी करून माती पायानं घट्ट दाबावी आणि दोन काठ्यांचा आधार द्यावा. पाणी बेतानं. माती ओलसर राहिली की पुरे, चिखल नको.

मग दोन-तीन आठवड्यांत सालीतून हिरवे धुमारे फुटतात आणि माणूस खूश होतो. इथे धीर धरायला हवा. हे धुमारे फांदीतल्या जुन्या साठ्यावर फुटलेले असतात. ते दिसले म्हणजे खाली मुळं आली, असं नव्हे. बऱ्याचदा पानं आधी येतात आणि मुळं मागून. या मधल्या दिवसांत पानं पाणी उडवत असतात आणि खालून पाणी ओढणारं कोणी नसतं. म्हणून हिरवीगार झालेली फांदी महिन्याभरानं अचानक माना टाकते, आणि लावणाऱ्याला कारण कळत नाही. त्या काळात कडक उन्हात थोडी सावली धरावी, फांदी हलवून पाहू नये, पाणी वाढवू नये, आणि धुमारे फार असतील तर तीन-चार ठेवून बाकीचे चोळून काढावेत. दुसऱ्या फेरीची पानं जोमानं आली, देठ लांबू लागले, की मुळं लागली असं समजायला हरकत नाही. सगळं नीट झालं तर अशा झाडाला वर्षाच्या आत-बाहेर फुलं दिसतात.

फांदीला फुटलेली मुळं सालीखालून, कापलेल्या टोकाच्या आसपासून येतात आणि आडवी पसरतात. जमिनीच्या वरच्या थरात त्यांचं जाळं होतं, खाली खोलवर कोणी जात नाही. याचे दोन परिणाम. एक म्हणजे, मार्चनंतर पाणी तोडलं की हे झाड बियांच्या झाडाआधी सुकू लागतं. दुसरा जास्त गंभीर आहे. वळवाच्या वादळात ते उन्मळून पडतं. त्यात शेवग्याचं लाकूड ठिसूळ. शेंगांच्या भारानं किंवा माणसाच्या वजनानं फांदी कडकन मोडते, वाकून इशारा देत नाही. शेवग्यावर मुलांना चढू देत नाहीत ते यासाठीच. दारात शेवगा लावू नये, असं जुनी माणसं सांगतात. त्यामागे आणखी काय समजुती असतील त्या असोत, पण कौलांवर, विजेच्या तारेवर आणि हल्ली दारात उभ्या केलेल्या गाडीवर फांदी पडते हे खरं आहे. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर सोडावं. फांदीचं झाड असेल तर ते उंच होऊ न देणं ही सुरक्षिततेची बाब समजावी.

जमिनीबद्दल शेवगा फारसा हट्टी नाही. जांभ्याच्या तांबड्या मातीत होतो, मुरमाड माळावर होतो, किंचित खारवट जमिनीतही होतो. एकच गोष्ट त्याला सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. काळी कसदार जमीन पिकांची राणी असली तरी शेवग्यासाठी ती अवघड. पावसाळ्यात ती दिवसेंदिवस पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज होते. काळ्या जमिनीत शेवगा लावायचाच असेल तर फूट-दीड फूट उंच वरंबा करावा किंवा बांधावर जागा शोधावी. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल घेतात. तो उन्हाळ्यात तापू द्यावा आणि मग निघालेल्या मातीत दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत मिसळून भरावा. नुसतं शेण घालू नये, कच्चं शेण मुळाशी तापतं आणि हुमणीला आमंत्रण देतं.

शेवग्याचा मूळ प्रदेश वायव्य भारतातला, हिमालयाच्या पायथ्याचा मानला जातो. तिथला उन्हाळा कडक आणि जमीन निचऱ्याची. त्याचा एक जंगली भाऊबंद आपल्याच भागातला आहे, कोरड्या खडकाळ रानात आढळणारा. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथात त्याचं वर्णन आलं आणि त्याचं शास्त्रीय नाव कोंकणावरून ‘मोरिंगा कोंकनेन्सिस’ असं पडलं. अशा रानाची सवय असलेल्या झाडाला कुंडीत रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणं म्हणजे त्याचे हाल करणं आहे.

रोप कमरेएवढं झालं की त्याचा शेंडा खुडावा. तीन फुटांवर, नखानं किंवा कात्रीनं. हे करायला हात धजत नाही, कारण झाड नुकतंच जोर धरू लागलेलं असतं. पण शेंडा ठेवला तर शेवगा काठीसारखा सरळ वर जातो, वर्षभरात घराच्या कौलांपर्यंत पोहोचतो आणि सगळ्या शेंगा हाताबाहेर, वर शेंड्याला लागतात. शेंडा काढला की खालचे डोळे जागे होतात, बाजूनं फुटवे येतात. ते दीड-दोन फुटांचे झाले की त्यांचेही शेंडे खुडावेत. असं दोनदा केलं की काठीचं झुडूप होतं, आणि शेंगा तेवढ्याच फांद्यांवर येतात ज्यांना आपला हात पुरतो.

वर्षाची मोठी छाटणी शेंगा संपल्यावर करायची. जमिनीपासून तीन फुटांवर पूर्ण खोड कापायचं. पाहणाऱ्याला वाटतं झाड मारलं. पंधरा दिवसांत त्या खुंटावर डझनभर फुटवे येतात, त्यातले चारही दिशांना जाणारे पाच-सहा ठेवावेत. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट किंवा तीच आपली शेण-माती लावावी. कोकणात ही छाटणी पावसाआधी उरकली तर दुहेरी फायदा होतो. वादळात पडायला वर काही उरत नाही, आणि कापलेल्या फांद्यांतल्या जाड फांद्या लावणीला मिळतात. श्रावणापर्यंत खुंटावरचा पाला हिरवागार, कोवळा असतो. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या घराघरांत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर शेगलाची भाजी होते, ती या पाल्याची. थंडीत फुलोरा येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेंगा धरतात.

फुलं येतात आणि गळून जातात, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. काही फुलं गळणारच, घोसातल्या सगळ्या फुलांच्या शेंगा करण्याची ताकद कुठल्याच झाडात नसते. पण सगळीच गळत असतील तर आधी पाण्याकडे पाहावं. पावसाळा संपल्यावर जमीन थोडी सुकू देणं हा शेवग्याला फुलावर यायचा संकेत असतो. त्याच वेळी भरपूर पाणी आणि युरियासारखं नत्राचं खत दिलं तर झाड पाल्याकडे वळतं. उलट ऐन फुलोऱ्यात कोरडं पाडून एकदम पाणी सोडलं तरी फुलं झडतात. फुलांच्या काळात पाणी थोडं आणि नियमित असावं. ढगाळ हवा आणि अवकाळी पाऊस यांवर इलाज नाही. या दिवसांत कीटकनाशक तर अजिबात फवारू नये, कारण ज्या भुंग्यांमुळे शेंगा धरतात तेच मरतात.

शहरातल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत शेवगा होतो का, असं पुष्कळ लोक विचारतात. पाल्यासाठी उत्तम होतो. शेंगांसाठी होऊ शकतो, पण त्याला किमान पन्नास-साठ लिटरचा, दीड-दोन फूट खोल ड्रम आणि दिवसाचं सहा तास ऊन लागतं. इथे बीच लावावं. उंचावरच्या वाऱ्यात फांदीचं झाड आधाराशिवाय उभं राहत नाही, शिवाय ड्रमच्या खोलीचा उपयोग सोटमुळालाच आहे. ड्रमच्या तळाला भरपूर भोकं, माती, वाळू आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात. पाल्यासाठी तर एका लांबट कुंडीत वीत-वीत अंतरावर बिया लावून मेथीसारखी गर्दी करावी आणि रोपं दोन-अडीच फुटांची झाली की फूटभर ठेवून कापावीत. दर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा कापणी मिळते. हेच तंत्र थंड देशांत राहणाऱ्या मराठी घरांनाही उपयोगी आहे. टेक्सास-फ्लोरिडासारख्या उबदार भागात शेवगा बाहेर लावता येतो. तिथे कडाक्याच्या थंडीत वरचा भाग मरतो, पण बुंध्यावर पालापाचोळ्याचा जाड थर दिला असेल तर वसंतात मुळातून नवा कोंब येतो. अर्थात हे बियांच्या झाडाचं.

पावसाळ्यात एका सकाळी बुंध्यावर केसाळ अळ्यांचा थर दिसतो, शेकडो सुरवंट सालीला चिकटून एकमेकांवर बसलेले. दिवसा ते असे एकत्र बसतात आणि रात्री वर चढून पाला फस्त करतात. केस अंगाला लागले तर पुरळ उठतं, खाज सुटते. अनेक अंगणांतला शेवगा तोडला गेला तो या एका कारणानं, आणि मला ते फार वाईट वाटतं, कारण ही कीड आवरायला सोपी आहे. दिवसा या अळ्या एका जागी सापडतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे घालून, नाकातोंडावर कापड बांधून लांब काठीच्या खराट्यानं त्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडाव्या. खोड वर्षभर स्वच्छ ठेवावं, सैल साल खरवडावी, पावसाळ्याच्या सुरुवातीला खोडावर निंबोळी अर्क फवारावा. छाटणी करून झाड ठेंगणं ठेवलेलं असेल तर अळ्या नजरेलाही लवकर पडतात आणि हातालाही लागतात.

काही शेंगा नजरेआड राहून झाडावर वाळतात. त्यातलं बी लावून उरलं, तर त्याचा आणखी एक उपयोग सुदानमधल्या बायकांना फार पूर्वीपासून माहीत होता. नाईलच्या पुराचं गढूळ पाणी त्या शेवग्याच्या बियांची पूड घालून निवळत. सामिया अल अझारिया याह्न या संशोधिकेनं सुदानमध्ये राहून ही रीत अभ्यासली आणि जगापुढे आणली. बियांतल्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. ते एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात. पाणी स्वच्छ दिसतं आणि जंतूही बरेच कमी होतात, तरी पिण्याआधी ते उकळायलाच हवं.

मुळाबद्दल एक सूचना. ते मुळ्यासारखं दिसतं, वासही तिखट येतो, म्हणून ते खाऊन पाहायचा मोह होतो. मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. ती साल पोटात घेऊ नये, गर्भवती स्त्रियांनी तर मूळ आणि खोडाची साल दोन्हींपासून दूरच राहावं. शेंग, फुलं आणि पाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या ताटात आहेत. ताज्या पाल्यात शंभर ग्रॅममागे सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. हिरव्या भाजीच्या मानानं हे खूप आहे. मात्र दुधाच्या कितीतरी पट, संत्र्याच्या कितीतरी पट असे जे आकडे पावडरीच्या डब्यांवर दिसतात, त्यात वाळवलेल्या पूडीची तुलना ओल्या दुधाशी किंवा फळाशी केलेली असते. पाणी निघून गेल्यावर कुठल्याही पाल्याचे आकडे फुगतात, आणि पूड आपण चमचाभर खातो, दूध पेलाभर पितो. ज्याच्या अंगणात झाड आहे त्यानं ताजा पालाच खावा. पाला निवडायचा कंटाळा असेल तर डहाळ्या रात्री कापडात घट्ट गुंडाळून ठेवाव्या, सकाळी झटकल्या की बरीचशी पानं देठापासून सुटून येतात. आणि छाटणीच्या वेळी पाला संपवता येणार नाही इतका निघालाच, तर तो धुऊन, निथळून, सावलीत पसरून वाळवावा, कारण उन्हात त्यातलं जीवनसत्त्व ‘अ’ देणारं कॅरोटीन लवकर नष्ट होतं. चुरचुरीत झाल्यावर हातानं चुरून घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावा आणि भाकरीच्या किंवा थालिपिठाच्या पिठात मूठभर घालावा.